वरातीमागून आलेलं घोडं

वरातीमागून घोडं आणणाऱ्याला आपण हसतो. मागच्या वर्षी ते घोडं मीच आणलं, त्याची ही गोष्ट.

इंटरनेटवर 'गेम जॅम' नावाच्या स्पर्धा होतात. विषय ऐन वेळी जाहीर होतो आणि दोन-तीन दिवसांत एक अख्खा कॉम्प्युटर गेम तयार करून पाठवायचा असतो. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे आणि आमच्याकडेच सदाशिव पेठेत राहते. तिनं विचारलं, "मामा, येतोस का माझ्या जोडीला?" मी वीस वर्षं प्रोग्रॅमिंग करतोय. थोडा मोठेपणा मिरवायला म्हणूनच 'हो' म्हणालो.

गेम साधा होता. दुचाक्या चुकवत एका आजींना लक्ष्मी रस्ता ओलांडून द्यायचा. आजींची चाल भाचीनं लिहिली, दुचाक्यांची मी. रविवारी रात्री मुदतीच्या दहा मिनिटं आधी गेम पाठवला आणि निवांत झोपलो.

सोमवारी खेळणाऱ्यांपैकी एकानं कळवलं, "तुमच्या आजी फुटपाथ सोडूच शकत नाहीत." आमच्या कॉम्प्युटरवर तर त्या छान पलीकडे पोचत होत्या!

कारण सापडायला दुपार झाली. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं दिसतात. आमच्या कॉम्प्युटरचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवं चित्र काढतो, काही नवे पडदे १४४ वेळा. मी दुचाकीला सांगून ठेवलं होतं, दर चित्राला पाच ठिपके पुढे सरक. त्यामुळे त्या वेगवान पडद्यावर दुचाक्या जवळजवळ अडीचपट वेगानं सुटल्या. भाचीनं आजींची चाल घड्याळाला बांधली होती, म्हणून आजी बिचाऱ्या आपल्या गतीनंच चालत राहिल्या. चूक सर्वस्वी माझी, आणि तीही नवशिक्याची.

दुरुस्ती एका ओळीची होती. मागच्या चित्रापासून किती वेळ गेला, त्यानं वेगाला गुणायचं. पण गेम उघडला आणि हात शिवशिवू लागले. हॉर्नचा आवाज घातला. बेलबाग चौकात सिग्नल उभारला. भाची मागून पाहत होती. म्हणाली, "मामा, दुरुस्ती चाललीय की नवा गेम?"

मी वरमलो. २००२ साली सुरू झालेल्या 'लडम डेअर' या जुन्या स्पर्धेतला रिवाज असा, की गेम खेळताच येत नसेल तर तो दोष मुदतीनंतरही काढावा. मात्र नवं काही घालू नये. परीक्षेची घंटा झाल्यावर पर्यवेक्षकांनी चुकलेला बैठक क्रमांक दुरुस्त करू दिला, तर कुणी हरकत घेणार नाही. पण तेवढ्यात पाचवा प्रश्न सोडवून टाकला तर? इतरांनाही तेवढेच तास मिळाले होते.

हॉर्न आणि सिग्नल काढून टाकले. मग गेमखाली टीप लिहिली, 'काही तांत्रिक अडचणी दूर केल्या आहेत.' भाचीनं ती वाचली. "अडचण काय होती आणि कुणाची, ते लिही ना." वीस वर्षांच्या अनुभवाला ते एक वाक्य लिहायला, त्या एका ओळीच्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला.

१९४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. यंत्रातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत त्याआधीचीच. इथे खराखुरा किडा निघाला. तिथल्या लोकांनी तो फेकून दिला नाही. नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी नोंद केली. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपलेली आहे.

आमचा पतंगही आम्ही वहीत चिकटवला. दुरुस्तीपूर्वी ज्यांनी गेम खेळून कमी गुण दिले, ते गुण काही परत आले नाहीत. नंबरही आला नाही. पण आता पडदा कुठलाही असो, आजी रस्ता ओलांडतात. आणि पुढच्या जॅमला भाचीनं मला पुन्हा जोडीला घेतलंय. एका अटीवर. दुचाक्या ती लिहिणार.