चित्ताचे अंतराय



आपल्या अन्नपूर्णा भागात सकाळी फिरायला निघालात, तर बागेत आसने करणारी मंडळी हमखास भेटतात. ‘योग करतो’ असे ती सांगतात आणि त्यात काही चूक नाही. मात्र पतंजलींच्या १९५ सूत्रांत आसनाला वाहिलेली सूत्रे अवघी तीन आहेत. ग्रंथाचा मुख्य विषय चित्त हा आहे. कृष्णाजी केशव कोल्हटकरांनी पातंजल योगदर्शनावरील आपल्या मराठी ग्रंथाला ‘भारतीय मानसशास्त्र’ हे नाव दिले, ते उगीच नव्हे.

हा ग्रंथ माझ्या वडिलांच्या कपाटात खाकी कव्हर घालून ठेवलेला असे. निवृत्तीनंतर त्यांची झोप उडाली. हात थरथरत, श्वास अडखळे, घरी कोणी आलेले नकोसे होई. आम्ही मुले म्हणायचो, ‘बाबा, मनाला लावून घेऊ नका.’ ते गप्प बसत. ते गेल्यावर पुष्कळ दिवसांनी मी ग्रंथ उघडला. पहिल्या पादातील एका सूत्राखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढलेली होती.

त्या सूत्रात विक्षिप्त, म्हणजे विखुरलेल्या, चित्ताची चार लक्षणे दिली आहेत : दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास. आम्ही ज्याला हळवेपणा म्हणत होतो, त्याची नोंद त्यांना तिथे सापडली होती.

त्याच्या आधीच्या सूत्रात नऊ अंतराय मोजले आहेत. त्यात संशय आहे, आळस आहे, कामाला उभारीच न वाटणे, म्हणजे स्त्यान, तेही आहे. अंतराय म्हणजे वाटेतला अडथळा. येथे पतंजली कोणाला दुबळा ठरवत नाहीत, अडथळा कोणता ते सांगतात. आणि या यादीत पहिले नाव व्याधीचे आहे. व्यासभाष्य व्याधीचा अर्थ धातू, रस आणि इंद्रिये यांचे वैषम्य असा करते. शरीर बिघडले तर चित्तही ठिकाणावर राहत नाही, हे या शास्त्राने गृहीतच धरले आहे.

पुढे उपाय येतात. सुखी माणसाशी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवंताविषयी आनंद, वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. नंतर श्वासाचा उपाय येतो आणि मग एकामागून एक पर्याय, प्रत्येकाशी ‘वा’, म्हणजे ‘किंवा’, जोडलेला. शेवटी तर ज्याला जे रुचेल त्याचे ध्यान करण्याची मोकळीक आहे. सगळ्यांना एकच औषध, असा आग्रह नाही.

लाइपझिग येथे १८७९ मध्ये वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगक्रिया उपकरणांनी तपासायला घेतल्या. योगाचे अंतिम ध्येय कैवल्य आहे, रोगनिवारण नव्हे. हा फरक विसरू नये. म्हणूनच ‘प्राणायाम करा, डॉक्टर कशाला?’ असे सांगणे योगाला धरून नाही. ज्या यादीत व्याधी पहिली आहे, ती यादी वैद्याची वाट कशी अडवील?

आपली घराणी इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. सणवार, भाषा, पंगतीची रीत आपण जपली. घरातले दुखणारे मन मात्र झाकून ठेवले. तेव्हा एवढेच मागणे आहे : घरातले कोणी गप्प गप्प राहू लागले, तर उपदेश करण्याआधी शेजारी बसा आणि विचारा, ‘झोप लागते का?’ मी माझ्या वडिलांना ते विचारले नाही.