स्वरलिपीतील एक बिंदू

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग मूळ मराठीत सिद्ध केले. लक्ष्मीबाई नगरातील मराठी मुलाच्या हाती मात्र बहुधा हाथरसच्या संगीत कार्यालयाची हिंदी आवृत्तीच येते. असे मूळ ग्रंथ दुर्मीळ होताच पुन्हा छापणे अगत्याचे आहे. पण त्यासाठी केवळ शुद्धलेखन जाणणारा मुद्रितशोधक पुरत नाही. भातखंडे पद्धतीत स्वराखालचा बिंदू मंद्र सप्तकाचा, वरचा तार सप्तकाचा. तो गळला की स्वर मध्य सप्तकात येऊन पडतो, आणि ओळीत काही चुकल्याचे डोळ्यांना दिसतही नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत तर वरचा बिंदू मंद्राचा आणि वरची उभी रेघ तार सप्तकाची. भातखंड्यांकडे तीच रेघ मध्यमाला तीव्र करते. दोन विष्णूंचा हा मतभेद भोवतो तो विद्यार्थ्याला! म्हणून शक्यतो जुन्या पानांची छायाचित्रेच छापावीत. नवी जुळणी अपरिहार्य असेल, तर चिन्हपरिचयाचे पान गाळू नये आणि मुद्रिते तपासणाऱ्याशेजारी एक गाणारा बसवावा. त्याने प्रत्येक ओळ गाऊन पाहावी. गळा अडखळेल तेथे मूळ प्रत उघडावी.