पर्वतापलीकडचे पाणी

निसर्गाने जेथे पाणी दिले तेथे वस्ती विरळ, आणि वस्ती जेथे दाट झाली तेथे पाणी तोकडे, हा विसंवाद जगात पुष्कळ ठिकाणी आढळतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात तो विशेष ठळक आहे. रॉकी पर्वताचा कणा या राज्यातून दक्षिणोत्तर जातो. राज्यातील पाण्याचा सुमारे चार-पंचमांश भाग या कण्याच्या पश्चिमेस, तर बहुसंख्य लोकवस्ती पूर्वेस, डेन्व्हर शहराच्या आसपास आहे. घाटमाथ्यावर पडलेला एक थेंब कोकणात उतरतो आणि शेजारचा देशावर वाहत जातो, हे ज्याने सह्याद्रीत पाहिले आहे त्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

डेन्व्हरने तीवर योजलेल्या उपायांपैकी एक मोठा उपाय म्हणजे रॉबर्ट्स बोगदा. हा १९६२ साली पूर्ण झाला. त्याची लांबी सुमारे ३७ किलोमीटर असून व्यास तीन मीटरहून किंचित अधिक आहे. पश्चिमेकडील ब्लू नदीवर १९६३ साली डिलन धरण उभे राहिले. त्याच्या जलाशयातील पाणी बोगद्यात शिरते, केवळ उताराच्या बळावर पर्वताच्या पोटातून वाहते आणि पूर्वेस ग्रँट या खेड्याजवळ उजेडात येते. तेथून साउथ प्लॅट नदीच्या उत्तर फाट्याने ते शहराकडे जाते. या जलाशयासाठी जुने डिलन गाव उठवावे लागले; तेथील दफनभूमीही हलवावी लागली. शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचे मोल कोणीतरी अगोदरच चुकते केलेले असते, ते असे.

एवढ्या खर्चाने खोदलेला बोगदा बारमाही वाहत असेल, अशी कल्पना होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष व्यवहार निराळा आहे. तेथील पाणी मुख्यतः हिमाचे. हिवाळाभर डोंगरावरील हिमाची खोली आणि वजन मोजून उन्हाळ्यात किती पाणी येईल याचा अंदाज बांधला जातो. शहर शक्यतो प्रथम पूर्वेकडील आपले साठे वापरते. डिलन हा त्याचा सर्वांत मोठा जलाशय, सुमारे ३१ कोटी घनमीटरांचा. तो दुष्काळाची ठेव म्हणून राखला जातो, कारण एकदा रिता झाल्यास तो भरण्यास अनेक वर्षे लागू शकतात. २००२ सालच्या तीव्र अवर्षणात या ठेवीचे महत्त्व प्रत्ययास आले. दार उघडतानाही घाई चालत नाही. पलीकडचा उत्तर फाटा मुळात लहान. एकाएकी लोंढा सोडला तर त्याचे काठ खचतील. म्हणून प्रवाह पायरीपायरीने वाढवावा व उतरवावा लागतो.

याहून कठीण बंधन कायद्याचे आहे. ज्याने पाण्याचा उपयोग आधी आरंभिला त्याचा हक्क आधी, हे कोलोरॅडोचे तत्त्व. ब्लू नदीवरच खाली असलेल्या ग्रीन मौंटन जलाशयाचा हक्क १९३५ सालचा, तर डेन्व्हरचा १९४६ सालचा. १९५५ सालच्या न्यायालयीन हुकूमनाम्याने हा क्रम निश्चित झाला. त्यामुळे टंचाईच्या वर्षी, दार शहराच्या हाती असूनही, खालच्या ज्येष्ठ हक्काची भरपाई केल्यावाचून त्या पाण्यावर शहराला हक्क सांगता येत नाही. त्याच हुकूमनाम्याने आणखी एक कर्तव्य सांगितले: परक्या खोऱ्यातून आणलेले पाणी एकदा वापरून सोडून देऊ नये, ते पुन्हा उपयोगात आणण्याचा यत्न करावा. डेन्व्हरचे पुनर्वापर केंद्र २००४ साली सुरू झाले. पुढे २०१३ साली अमलात आलेल्या कराराने पश्चिमेकडील लोकांच्या संमतीवाचून तेथे नवी जलयोजना हाती न घेण्याचे शहराने मान्य केले.

पर्वत फोडण्यास यंत्रे पुरतात. ज्या खोऱ्यातून पाणी आणले त्या खोऱ्याचे स्मरण ठेवून ते वापरणे, हे काम यंत्राचे नव्हे. धरणाजवळचा कर्मचारी दार फिरवतो तेव्हा एका बाजूस तहानलेले शहर असते आणि दुसऱ्या बाजूस नदीकाठचा शेतकरी. दोघांचाही विचार करून ते दार जितके फिरवावे लागेल तितकेच फिरवणे, यातच अशा योजनेची खरी प्रतिष्ठा आहे.