साथ, सरकार आणि सव्वाशे वर्षांचा कायदा



सातारा जिल्ह्याच्या प्रशासकीय इतिहासात वॉल्टर चार्ल्स रँड हे नाव पुण्याच्या आधी येऊन गेलेले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुण्यात प्लेगच्या काळात ज्याची कारकीर्द गाजली, तोच हा गोरा अधिकारी त्यापूर्वी साताऱ्यात साहाय्यक जिल्हाधिकारी होता. १८९४ मध्ये वाईला वाद्ये वाजविण्यावरून वाद झाला, तेव्हा याच गृहस्थाने तेथील प्रतिष्ठित नागरिकांना कारावासाची शिक्षा ठोठावली. त्या प्रकरणाचा बोभाटा साऱ्या महाराष्ट्रात झाला होता. तरीही १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग समितीचे अध्यक्षपद देताना सरकारला हाच माणूस योग्य वाटला. नेमणुकीतूनही सरकारचे मन कळते.

या माणसाच्या हाती जे हत्यार दिले गेले, त्याचे नाव साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७. मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढल्या ४ फेब्रुवारीला कलकत्त्यात हा कायदा संमत झाला. जेमतेम चार कलमे. सरकारला आवश्यक वाटतील ते नियम करावेत, नियम मोडणाऱ्यास दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा व्हावी आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये, एवढाच त्याचा सारांश. रुग्णाला काय मिळेल, त्याच्या घरच्यांना कोण जेवू घालील, नुकसान झाले तर दाद कोठे मागायची, याविषयी त्यात अक्षर नव्हते. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी जो कायदा लागू केला तो हाच. मधल्या काळात राज्य परक्यांचे जाऊन स्वकीयांचे आले, राज्यघटना आली, पण साथीच्या बाबतीत सरकार आणि प्रजा यांचे नाते १८९७ मध्येच थांबून राहिले होते.

कोरोनाकाळात सरकारने काय केले आणि काय केले नाही, याविषयी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जो वाद झाला, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवा. हा वाद केवळ पक्षापक्षांतला होता, असे म्हणून त्याची बोळवण करणे सोपे आहे. पण सातारा जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक आणि सांगली जिल्ह्यात पाच हजारांहून अधिक माणसे या साथीत सरकारी नोंदीनुसार दगावली. त्या घरांतील प्रश्न पक्षीय नव्हते.

प्रारंभ सांगलीपासून झाला. २३ मार्च २०२० रोजी वाळवा तालुक्यातील तेव्हाच्या इस्लामपुरात, म्हणजे आजच्या ईश्वरपुरात, सौदी अरेबियाची यात्रा करून परतलेल्या एका कुटुंबातील चौघे बाधित आढळले. पाहता पाहता त्या कुटुंबातील आणि त्यांच्या निकटच्या बाधितांची संख्या पंचवीसच्या घरात गेली. साखरेच्या आणि सहकाराच्या नकाशावरचे गाव एकाएकी साऱ्या देशाच्या बातम्यांत आले. प्रशासनाने तेव्हा जे केले ते वाखाणण्याजोगे होते, आणि जे चांगले त्याला चांगले म्हणण्यात कसूर नको. बाधित भाग ताबडतोब बंद करण्यात आला, संपर्कातील माणसे हुडकून वेगळी ठेवण्यात आली, आशाताई आणि आरोग्यसेविका घरोघरी फिरल्या, मिरजेच्या शासकीय रुग्णालयाने भार उचलला. एप्रिल संपण्यापूर्वी त्यांतील बहुतेक सारे बरे होऊन घरी परतले.

त्याच दिवसांत आणखीही एक गोष्ट घडत होती. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर त्या कुटुंबाची नावे, छायाचित्रे आणि नाही नाही त्या कहाण्या फिरत होत्या. विलगीकरणाचे नियम कोणी मोडले असतील, तर त्याची चौकशी करण्याचे काम कायद्याचे. पण आजारी पडलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवून त्याच्या साऱ्या समाजाला त्या पिंजऱ्यात उभे करणे, हे ना आरोग्यशास्त्रात बसते, ना आपल्या परंपरेत. साताऱ्याच्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले, प्लेगच्या रुग्णांना आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविता पोहोचविता स्वतः त्या रोगाची शिकार झाली. १० मार्च १८९७ हा तो दिवस. गोऱ्या सोजिरांच्या घरझडत्या पुण्यात सुरू झाल्या त्या तीनच दिवसांनी. एकाच शहरात, एकाच आठवड्यात साथीशी झुंजण्याचे हे दोन मार्ग होते.

साताऱ्याचा अनुभव निराळा होता. पाटण, जावळी, कोरेगाव या भागांतील हजारो घरांची चूल मुंबईच्या हमालीवर, माथाडीवर आणि गिरण्यांच्या काळापासूनच्या चाकरीवर पेटते. मुंबई बंद झाली तेव्हा हा चाकरमानी गावाकडे निघाला. गावाने काय केले? काही ठिकाणी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या, रस्ते खणले. गणपतीला आणि जत्रेला ज्याची वाट पाहायची, ज्याच्या मनीऑर्डरवर देवळाचा जीर्णोद्धार झाला, तो वेशीबाहेर उभा आणि आत त्याची आई, अशी दृश्ये या डोंगरांनी पाहिली. नंतर गावे सावरली. जिल्हा परिषदेच्या शाळांत विलगीकरणाची सोय झाली, ज्या घरांनी दार लावले होते त्याच घरांतून डबे जाऊ लागले. सरकारी आदेशात चौदा दिवस लिहिलेले असत. ते चौदा दिवस माणसाने जगायचे कसे, हे गावाने ठरवले.

आणि याच साताऱ्यात एप्रिल २०२० मध्ये महाबळेश्वरला काय घडले? सारा देश घरात कोंडलेला होता. सासरी असलेल्या लेकीला वडिलांच्या अंत्यदर्शनाला यायचे तर परवाना मिळत नव्हता. अशा वेळी दिवाण हाउसिंग फायनान्स या वित्तसंस्थेचे प्रवर्तक वाधवान बंधू, कुटुंबीय आणि नोकरचाकर मिळून तेवीस जण पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले. त्यांच्याजवळ गृह विभागाचे प्रधान सचिव (विशेष) अमिताभ गुप्ता यांचे पत्र होते. वाधवान बंधू तेव्हा आर्थिक गैरव्यवहारांच्या तपासात केंद्रीय यंत्रणांना हवे होते, ही बाब वेगळीच. बोभाटा झाल्यावर मंडळींना पाचगणीत विलगीकरणात ठेवले गेले, अधिकाऱ्यांना सक्तीच्या रजेवर धाडण्यात आले, महिनाअखेरीस केंद्रीय अन्वेषण विभागाने वाधवान बंधूंना ताब्यात घेतले. पुढे सप्टेंबरमध्ये तेच अधिकारी पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. ज्या जिल्ह्यात गावकऱ्याला दुधाची किटली घेऊन नाक्यावर उठाबशा काढाव्या लागल्या, त्या जिल्ह्याने हे पाहिले. सरकारच्या कठोरपणाने लोक दुरावले नाहीत, ते दुरावले या दुजाभावाने. कठोरपणा तर त्यांनी आपणहून स्वीकारला होता.

वादाचा खरा गाभा मात्र सप्टेंबर २०२० मधला आहे. मार्च ते ऑगस्ट असे पाच महिने तयारीसाठी मिळाले होते. साथ शहरांतून ग्रामीण भागात उतरणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सांगली-मिरज ही तर उत्तर कर्नाटकापर्यंतच्या रुग्णांची पंढरी. शंभरहून अधिक वर्षे तेथे वैद्यकीय सेवेची परंपरा आहे. कराडलाही मोठी रुग्णालये आहेत. तरीही प्राणवायूची खाट मिळवण्यासाठी नातलग रुग्ण घेऊन रात्रभर या दारातून त्या दारात फिरत होते. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाच्या नव्या इमारतीत उभारलेल्या जंबो कोविड रुग्णालयाचे उद्‌घाटन ऑक्टोबरमध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. राज्यातील पहिली लाट सप्टेंबरच्या मध्यात शिखराला पोहोचून उतरू लागली होती. पुढच्या लाटेत ते रुग्णालय उपयोगी पडले, हेही नमूद करायला हवे. पण सप्टेंबरात गेलेल्यांना त्याचा काय उपयोग? सातारा जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे तर भिजत घोंगडे वर्षानुवर्षे पडलेले होते. तेथील पहिले प्रवेश साथीच्या काळातच, २०२१-२२ च्या सत्रात झाले. हे पाप एका सरकारचे नाही. जिल्ह्याने राज्याला मुख्यमंत्री दिले, मंत्री तर किती दिले! डॉक्टर घडवणारी शासकीय संस्था मात्र साथ दारात आल्यावर उभी राहिली.

दुसऱ्या लाटेत प्रश्न आणखी टोकदार झाले. ७ जून २०२१ पासून राज्य सरकारने बाधितांचे प्रमाण आणि व्यापलेल्या प्राणवायूच्या खाटा यांवरून जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले. कल्पना वाईट नव्हती. परंतु हे प्रमाण म्हणजे चाचण्यांच्या संख्येने बाधितांना भागून येणारा आकडा. ज्यांना लक्षणे आहेत आणि जे बाधितांच्या घरचे आहेत त्यांच्याच चाचण्या केल्या तर तो चढतो, बाजारपेठेत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकात काडी घातली तर तो उतरतो. म्हणजे जो जिल्हा नेमकेपणाने रुग्ण शोधील त्याचीच दुकाने बंद राहण्याची शक्यता! २ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने राज्यात बहुतेक ठिकाणी निर्बंध सैलावले, पण सातारा आणि सांगली यांसह अकरा जिल्हे तिसऱ्याच स्तरावर राहिले. त्याआधी दहाच दिवस कृष्णामाईने सांगलीत आयर्विन पुलाजवळ पंचावन्न फुटांच्या आसपास पातळी गाठली होती आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडींखाली माणसे गाडली गेली होती. २०१९ चा पूर, २०२० ची साथ, २०२१ चा पुन्हा पूर. सांगलीच्या व्यापाऱ्याने दुकानातला चिखल उपसायचा आणि उपसून झाल्यावर कुलूप लावायचे! तो रस्त्यावर उतरला तर त्याला बेजबाबदार म्हणणारे मंत्रालयातील वातानुकूलित दालनात होते.

श्रद्धेच्या प्रश्नावरही हेच. पायी वारी स्थगित ठेवण्याचा २०२० चा निर्णय वारकऱ्यांनी मनावर दगड ठेवून मानला. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या वाटेवर शतकानुशतकांचा टाळांचा गजर त्या आषाढात ऐकू आला नाही; माउलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. कुरकुर नव्हती. पण मद्याची दुकाने मेमध्ये उघडली, ५ ऑक्टोबरपासून बार उघडले आणि मंदिरांना मात्र १६ नोव्हेंबरच्या पाडव्यापर्यंत थांबावे लागले. देवळाबाहेर फुले, नारळ, प्रसाद विकणाऱ्यांचे पोट कोणत्या नियमाने कमी महत्त्वाचे ठरते, याचे उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही. २०२१ मध्ये पायी वारीचा आग्रह धरणारे ह.भ.प. बंडातात्या कराडकर यांना पोलिसांनी ताब्यात घेऊन कराडजवळ स्थानबद्ध केले. त्यांचा आग्रह त्या परिस्थितीत योग्य होता की नाही, याविषयी वारकऱ्यांतही दोन मते होती. पण मतभेदाला संवादाने उत्तर देण्याऐवजी पोलिसांची गाडी पाठवणे हा १८९७ चा वारसा झाला.

येथे टिळकांची आठवण नेमकेपणाने व्हायला हवी. पुष्कळदा ती अर्धवट होते. लोकमान्यांचा प्लेगप्रतिबंधक उपायांना विरोध नव्हता. रुग्णांना वेगळे ठेवलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. शहरातील बडी मंडळी गाव सोडून गेली तेव्हा ते पुण्यातच राहिले, हिंदूंसाठी प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढे झाले. सरकारवर टीका करण्याचा अधिकार त्यांनी अशा रीतीने मिळवला होता. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडल्यानंतर सरकार पुण्यावर सूड उगवू लागले, तेव्हा सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असा सवाल त्यांनी ‘केसरी’तून केला. खटला मात्र झाला तो शिवराज्याभिषेक उत्सवासंबंधीच्या मजकुरावरून. राग कशाचा होता, हे सर्वांना ठाऊक होते. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

दुसरी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांची. इंग्लंडमध्ये असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप जाहीरपणे केला. मायदेशी परतल्यावर पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुरावा घेऊन पुढे येईना, आणि गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. जुलूम खोटा नव्हता. पण सिद्ध न होणाऱ्या एका आरोपाने साऱ्या गाऱ्हाण्यांचे वजन कमी झाले. भ्रमणध्वनीवर आलेले संदेश न वाचताच पुढे ढकलणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा प्रसंग जवळ ठेवावा. मिरजेत एका खासगी कोविड रुग्णालयातील मृत्यूंवरून २०२१ मध्ये गुन्हा दाखल होऊन डॉक्टरला अटक झाली, ती कागदपत्रांच्या आधारे. ‘डॉक्टर पैशांसाठी माणसे मारतात’ हा सरसकट संदेश मात्र त्याच काळात घरदार विसरून राबणाऱ्या शेकडो परिचारिकांच्या अंगावर गेला. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर इजा झाल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केंद्राला एप्रिल २०२० मध्ये अध्यादेश काढून करावी लागली, ती उगाच नव्हे.

केंद्राकडेही बोट गेले. एप्रिल २०२१ मध्ये लस संपल्याने साताऱ्यात लसीकरण थांबले. राज्य म्हणाले केंद्र देत नाही, केंद्र म्हणाले राज्याला नियोजन येत नाही. केंद्रावर उभे राहून उन्हात ताटकळणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला त्या पत्रयुद्धात रस नव्हता. १८ ते ४४ वयोगटाची खरेदी राज्यांवर सोपवण्याचा निर्णय फसला, हे मान्य करून केंद्राने २१ जूनपासून ती पुन्हा आपल्याकडे घेतली. चूक सुधारली, हे बरे झाले. महिना-दीड महिना गेला तो गेलाच.

कलम १८८ खालचे कोरोनाकाळातले खटले मागे घेण्याचे राज्य सरकारने २०२२ मध्ये ठरवले. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा आजच्या काळाला अपुरा असल्याचे सांगून त्यात आमूलाग्र बदल सुचवले. जून २०२१ मध्ये जुन्या मृत्यूंची मोठी भर राज्याच्या आकड्यांत एकदम पडली, तेव्हा आकडे का दडले याचा जाब विरोधी पक्ष म्हणून ज्यांनी विचारला होता, ते आज मुंबईत सत्तेवर आहेत, आणि दिल्लीतही त्यांचेच सरकार आहे. तेव्हा विचारलेले प्रश्न आता त्यांच्याच पटलावर आहेत. जिल्हावार मृत्यूंचे परीक्षण, सप्टेंबर २०२० मध्ये कोणत्या जिल्ह्यात किती खाटा होत्या त्याचा हिशेब, आणि रँडच्या हाती दिलेल्या त्या चार कलमांच्या जागी नवा कायदा. सातारा आणि सांगलीच्या लोकप्रतिनिधींकडे ही मागणी लेखी गेली पाहिजे, आणि ती घेऊन जाताना आपले सरकार कोण आणि परके कोण, हा विचार करण्याचे कारण नाही.