हत्यारांची मोजणी
(गणेशोत्सवात बोरगाव येथे केलेले भाषण)



खंडेनवमीला आपण पाना, पक्कड, हातोडी, कोयता पुसून एका ओळीत मांडतो, हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी हमखास लक्षात येते की दोन पाने कमी आहेत. वर्षातून एकदा होणारी ही मोजणी रोज व्हावी, एवढेच सांगायला आम्ही उभे आहोत.

आम्ही विजेच्या कामावरची माणसे. एकदा खांबावरून पाना निसटला आणि खाली उभ्या पोरापासून वीतभर अंतरावर पडला. आठ मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीपाशी येईपर्यंत तिचा वेग ताशी ४५ किलोमीटर होतो. दैव बलवत्तर म्हणून पोर वाचले. दुसऱ्या वेळी पक्कड ट्रान्सफॉर्मरवरच राहिली. रात्री घरी आठवले आणि झोप उडाली. सकाळी पुन्हा वीज बंद करून ती काढली.

चूक केवळ आमच्यासारख्यांकडूनच होते असे नाही. १८ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेत अर्कान्सा राज्यातील दमास्कस गावाजवळ, क्षेपणास्त्राच्या भुयारात काम चालू असताना पान्याचे सॉकेट हातून सुटले. ते सुमारे ८० फूट खाली गेले आणि इंधनाच्या टाकीला भोक पडले. काही तासांनी स्फोट होऊन एक जवान दगावला. त्या क्षेपणास्त्रावर अण्वस्त्र होते. ते फुटले नाही, हेच नशीब.

उपाय खर्चाचे नाहीत. उंचावर हत्यार दोरीने कमरेला बांधावे. हत्यार वर फेकू नये, पिशवीत घालून दोरीने ओढावे. खालची जागा दोरी लावून मोकळी ठेवावी, हेल्मेट घालावे. फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवून तिथेच ते अडकवावे. रिकामा आकार लगेच डोळ्यांत भरतो. काम सुरू करताना आणि संपल्यावर मोजावे. शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यातही कात्र्या, सुया, कापसाचे बोळे मोजतात, ते याचसाठी. यंत्रमागाची शेड असो की बेळगावची फाउंड्री, नियम एकच.

आणखी एक. "पाना सापडत नाही" असे सांगणाऱ्या पोरावर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल आणि हरवलेला पाना यंत्रच शोधून काढेल.

आपला मंडपही आठवा. शिडीच्या टोकावर हातोडी ठेवलेली आणि खाली मुले खेळताहेत, हे चित्र नवे नाही. मंडप उतरवताना मुलांना लांब ठेवा, हत्यारे मोजून घ्या आणि मगच घरी जा.

बाप्पाच्या हातातले पाश आणि अंकुश कधी खाली पडलेले आपण पाहिले नाहीत. त्याच्या भक्तांनीही हातातले सांभाळावे, एवढीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!