शिकवणी लावण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी ‘गणिताच्या शिकवणीविषयी चार शब्द बोला’ असा आग्रह केला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. घरी चटईवर चार मुले बसवून गणित शिकविणे वेगळे आणि सभेत उभे राहून बोलणे वेगळे. तरीही आज उभी राहिले आहे, ती माझी एक चूक आपणांपुढे सांगण्यासाठी. ती ऐकून एखाद्या मुलाचे वर्ष वाचले, तर माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

शिकवणी ही आता थोड्या घरांची गोष्ट राहिलेली नाही. ‘असर’ या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे देऊन शिकवणीस जाणारी मुले २०१८ साली शेकडा २६.४ होती; २०२२ साली ती शेकडा ३०.५ झाली. खेड्यापाड्यांतून ही स्थिती; आपल्या आळीतील तर आपण रोज पाहतोच. तेव्हा या पैशांत आपण नेमके काय घेतो, हे आयांनी समजून घ्यावयास हवे.

काही वर्षांपूर्वी नववीतील एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. आईचे म्हणणे एकच : गुण वाढले पाहिजेत. मीही तेच मनावर घेतले. शाळेत जे प्रकरण चालू असेल त्यातले एक उदाहरण मी सोडवून दाखवायचे आणि तिने तशीच दहा सोडवायची. चाचणीत तिला छान गुण मिळाले. आईने पेढे आणून दिले. वार्षिक परीक्षेत मात्र उदाहरणे जराशी फिरवून आली आणि पोरीने अर्धी उत्तरपत्रिका कोरी ठेवली.

निकालानंतर ती एकटीच माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, मला अपूर्णांकच येत नाहीत. पाचवीपासून येत नाहीत.”

“मग इतके दिवस सांगितले का नाहीस गं?”

“तुम्ही कधी विचारलेच नाही.”

भगिनींनो, वर्षभराचे पैसे मी मोजून घेतले होते. त्या मुलीचे ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

त्याच दिवशी मी तिला १/२ + १/३ हे उदाहरण घातले. तिने उत्तर लिहिले २/५. म्हणजे वरचे वरच्यात मिळविले, खालचे खालच्यात. मी ते खोडले नाही. विचारले, “ताटात अर्धी पोळी आहे. तीत आणखी एक तृतीयांश पोळी वाढली. आता अर्ध्याहून जास्त झाली की कमी?” ती म्हणाली, “जास्त.” “आणि पाचातले दोन भाग म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी?” ती वहीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि तिने आपल्याच हाताने ते उत्तर खोडले. मग पोळीचे सहा सारखे भाग करून अर्धीचे तीन, तृतीयांशाचे दोन, असे मोजून ५/६ काढावयास तिला फार वेळ लागला नाही.

गणितात आजची चूक बहुधा आजची नसते. ७ − (क्ष − ३) याचा कंस सोडविताना मूल ७ − क्ष − ३ असे लिहिते, तेव्हा त्याला बीजगणित येत नाही असे नव्हे. वजाचे चिन्ह कंसातील प्रत्येक पदाला लागते, हे त्याच्या मनात कधी ठसलेलेच नसते. अशी जुनी गाठ शोधणे हेच शिकवणीचे खरे काम. शाळेत एका वर्गात पुष्कळ मुले. तिथे बाईंना ते जमेलच असे नाही. शिकवणीत ते जमले नाही, तर शिकवणी कशाला?

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. पहिल्या आठवड्यात नवे प्रकरण नको. मूल कोणत्या इयत्तेपाशी अडखळले ते शिकविणाऱ्यांनी पाहावे आणि आईला सांगावे. पेन मुलाच्या हाती असावे, बाईंच्या नव्हे. घरी आल्यावर “किती उदाहरणे झाली?” असे न विचारता एखादे उदाहरण दाखवून “हे असे का केलेस?” एवढेच विचारावे, त्यासाठी आपल्याला गणित यावयास हवे असे नाही. आणि “मलासुद्धा गणित कधी आले नाही” हे वाक्य मुलांसमक्ष, त्यातून मुलींसमक्ष, कृपा करून बोलू नये. भिशीचा आणि दुधाचा हिशेब तोंडी करणाऱ्या आपण. हे वाक्य खरेही नाही!

आता पैशांविषयी. मोठ्या क्लासांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये आणि मधेच सोडल्यास उरलेल्या काळाचे पैसे परत द्यावेत, असे त्यांत आहे. परंतु त्या पन्नासांहून अधिक विद्यार्थी असलेल्या क्लासांपुरत्या आहेत. घरगुती शिकवणीचे आपले आपणच बोलून ठरवावे आणि शक्यतो महिन्याचे महिन्याला द्यावे. शाळेतल्याच शिक्षकांना “घरी शिकवा” अशी गळ घालू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई केली आहे. वर्गात शंका विचारण्यास मुलाला धीर द्यावा, ते अधिक बरे.

प्रत्येक मुलाला शिकवणी लागतेच असेही नाही. आणि जिला लावली, तिची ती एक दिवस सुटली पाहिजे. शिकविणारीचे यश त्यातच आहे.

त्या मुलीला पुढचे वर्ष मी पैसे न घेता शिकविले. आम्ही पाचवीपासून सुरुवात केली. दहावीला तिचे गुण काही मोठे नव्हते. पण “बाई, एकही प्रश्न कोरा सोडला नाही” असे सांगावयास ती पळत आली होती.

शेवटी एक विनंती. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांना शिकवणी परवडत नाही. मंडळाने आपली खोली दर मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी तासभर दिली, तर पाचवी ते सातवीच्या मुलांना मी शिकवीन. मला दोन मदतनीस हव्यात. पाढे येत असले आणि रागावण्याची घाई नसली, की पुरे. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.