गोलाई आणि कंगोरे

कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणारी गोल वस्तू बहुतेक वेळा गोल नसते. कार्टून सिनेमातला म्हातारा, जाहिरातीत फिरणारी गाडी, बातम्यांच्या आधी गरगरत येणारी अक्षरं, ही सगळी बहुतकरून सपाट तुकड्यांची जुळणी असते. तुकडा तीन बाजूंचा किंवा चार बाजूंचा. त्याला पॉलिगॉन म्हणतात. शाळेत आपण बहुभुज म्हणायचो. या पद्धतीत यंत्राला बिंदू ठाऊक असतो, दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेघ ठाऊक असते आणि रेघांनी वेढलेला तुकडा ठाऊक असतो. वळण नावाची वेगळी चीज तिथं नसतेच. मग इतक्या सरळ रेघांतून गोलाई येते कुठून? मी कला शाखेचा बी.ए., कविता लिहिणारा माणूस. गणिताशी माझं नातं लांबचं. पण हा प्रश्न माझ्या घरात आला तो अक्षरांच्या वाटेनं, आणि अक्षराला पाठ दाखवणं मला जमत नाही.

माझे वडील पेंटर होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. खडूच्या दोरीनं रेघा मारायच्या, शिरोरेषा धरायची आणि मग ब्रशनं एकेक अक्षर उतरवायचं. शेवटी प्रत्येक अक्षराच्या उजव्या आणि खालच्या अंगाला गडद रंगाची पट्टी द्यायची. तिला ते 'शेड' म्हणत. त्या पट्टीनं सपाट पत्र्यावरचं अक्षर चार बोटं बाहेर आल्यासारखं दिसे. पुढे फ्लेक्सचे बोर्ड आले आणि पाट्या रंगवायचं काम संपलं. वडीलही गेले. त्यांच्या हातची एकच पाटी गावात उरली होती, वाचनालयाची. वाचनालय नव्या इमारतीत जायचं ठरलं, तेव्हा कार्यकारिणीनं निरोप पाठवला की, जुनी पाटी गंजली आहे, नवी पाटी उठावाच्या अक्षरांची हवी, पण अक्षरं तीच ठेवता आली तर पाहा. माझी मुलगी थ्रीडी मॉडेलिंगचं काम करते. तिनं जुन्या पाटीचा फोटो घेतला आणि 'वाचनालय'मधला पहिला 'व' पडद्यावर ओढून घेतला.

अक्षराच्या कडेनं बिंदू बसवत तिनं आकृती तयार केली आणि तिला जाडी दिली. या क्रियेला एक्स्ट्रूड म्हणतात. शब्द परका वाटेल, पण क्रिया आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. सोऱ्याच्या चकतीला जसं भोक तसा पिठाचा आकार. गोल भोकातून शेव येते, चांदणीच्या भोकातून काटेरी चकली. दांडा कितीही दाबा, भोकाला जे कोपरे असतात तेच चकलीच्या अंगावर लांबच लांब उमटतात. कॉम्प्युटरमध्येही तसंच. 'व'चं गोल पोट बारा बिंदूंचं काढलं, तर बाहेर ओढल्यावर त्याच्या भिंतीला बारा सपाट पट्ट्या पडतात. मुलीच्या पडद्यावरचं अक्षर पैलू पाडलेल्या लाकडासारखं दिसत होतं.

यावर पहिला इलाज फार जुना आणि फार हुशार आहे. १९७१ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आंरी गूरो नावाच्या फ्रेंच संशोधकानं तो मांडला. त्यानं आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावर रेघा आखून घेतल्या आणि त्या तुकड्यांवरून चेहऱ्याचं मॉडेल केलं. युक्ती अशी: तुकडा सपाटच ठेवायचा, पण त्याला एकच रंग द्यायचा नाही. प्रत्येक बिंदूपाशी शेजारच्या तुकड्यांच्या दिशांची सरासरी काढायची, त्या दिशेला उजेड किती पडेल ते ठरवायचं आणि एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत रंग हळूहळू बदलत न्यायचा. जोड दिसेनासे होतात. त्याच विद्यापीठात बुई तुओंग फोंग या व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या तरुणानं पुढची पायरी गाठली. रंगाऐवजी दिशाच हळूहळू बदलत न्यायची आणि उजेडाचा हिशेब ठिकठिकाणी नव्यानं करायचा. त्याचा शोधनिबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ऐन तारुण्यात तो वारला. त्याचं नाव मात्र या क्षेत्रातल्या नवशिक्याच्याही तोंडी असतं.

मुलीनं ही सोय लावली आणि पोट गुळगुळीत दिसू लागलं. पण अक्षराच्या दर्शनी बाजूवर, कडेकडेनं, काळपट डाग उमटले. कारण सोपं आहे. समोरचा भाग आणि बाजूची भिंत यांच्यामध्ये काटकोन असतो. यंत्र तिथंही सरासरी काढतं. भिंत एकीकडे पाहते, दर्शनी भाग दुसरीकडे. सरासरीत दोघांची मान तिरकी होते आणि सपाट भाग पोचे पडल्यासारखा दिसतो. म्हणून यंत्राला कोनाची मर्यादा सांगावी लागते. समजा, तीस अंश. दोन तुकड्यांच्या दिशांमध्ये त्याहून कमी फरक असेल तर जोड मिटव, जास्त असेल तर कड तशीच ठेव. बारा पट्ट्यांच्या वर्तुळात शेजारच्या दोन पट्ट्यांत बरोबर तीस अंशांचा फरक असतो, म्हणजे ते उंबरठ्यावर. चोवीस पट्ट्या केल्या तर पंधरा अंश, आणि प्रश्न मिटतो. दुसरा उपाय म्हणजे काटकोनाची कड किंचित छाटून तिथं दोन-तीन अरुंद पट्ट्या बसवायच्या. सुतार टेबलाची धार मारतो तशी. खऱ्या वस्तूची कड कधीच सुरीसारखी नसते. तिच्यावर उजेडाची एक बारीक रेघ चमकते, आणि त्या रेघेमुळे वस्तू खरी वाटते.

मुलीनं नमुना म्हणून तो 'व' थ्रीडी प्रिंटरवर काढून आणला. पडद्यावर लोण्यासारखं दिसणारं अक्षर हातात घेतलं, तर अंगठ्याला बारीच्या बारी कंगोरे लागत होते. रंगांची युक्ती पडद्यापुरती होती. यंत्रानं अक्षर घडवलं ते खऱ्या तुकड्यांवरून. पडद्यावरही नीट पाहिलं असतं तर एक पुरावा होता: पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दाखवला तरी वस्तूची बाह्यरेषा आणि तिची सावली तुटक सरळच राहते. वडिलांची 'शेड' आणि गूरोची युक्ती या एकाच कुळातल्या. दोन्ही डोळ्यांना समजावतात, हाताला नाही.

मग खरी गोलाई आणायची कशी? एक मार्ग म्हणजे ओढण्याआधीच बिंदू वाढवायचे, सोऱ्याची चकतीच बदलायची. पाच सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ बारा बाजूंनी काढलं, तर बाजूच्या मध्याशी ते खऱ्या वर्तुळापेक्षा १.७ मिलिमीटरनं आत राहतं. चोवीस बाजूंनी ही फट ०.४ मिलिमीटर होते, अठ्ठेचाळीसांनी ०.१. बाजू दुप्पट केल्या की फट चौथाईवर येते. आर्किमिडीजनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं, सहा बाजूंपासून दुप्पट करत शहाण्णव बाजूंपर्यंत जाऊन पायची किंमत कोंडीत पकडली होती.

दुसरा मार्ग सुताराचा. चौकोनी ओंडक्यातून गोल खांब काढताना तो आधी चार कोपरे छाटून आठ पैलू करतो, मग सोळा, आणि मग रंधा मारतो. १९७४ साली जॉर्ज चैकिन यानं वळणदार रेघ काढण्यासाठी हीच रीत गणितात आणली: प्रत्येक बाजूवर पाव आणि पाऊण अंतरावर खूण करा, कोपरा छाटा, पुन्हा तेच करा. १९७८ साली एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी पृष्ठभागासाठी अशी रीत दिली. एका चौकोनाचे चार होतात आणि प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे थोडा सरकतो. शंभर चौकोनांचे चारशे, मग सोळाशे, मग सहा हजार चारशे. इथं रंगाची फसवणूक नाही, वस्तूच गोल होत जाते. हाच कॅटमल पुढे पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्या कंपनीच्या १९९७ सालच्या 'गेरीज गेम' या छोट्या चित्रपटात स्वतःशीच बुद्धिबळ खेळणारा म्हातारा या रीतीनं घडवलेला आहे. त्या चित्रपटाला ऑस्करही मिळालं.

पण श्रोतेहो, या रीतीची एक खोड आहे. ती सगळेच कोपरे खाते. मुलीनं ती 'व'ला लावली तेव्हा पोट सुरेख झालं, पण दांडीची टोकं साबणाच्या वडीसारखी झिजली आणि अक्षर थोडं आकसलं. दर्शनी भाग एकाच शंभर बाजूंच्या तुकड्याचा होता, तिथं सुरकुत्या पडल्या. तिनं तो भाग पुन्हा चौकोन-चौकोन करून नीट मांडला. जिथं कड टिकवायची तिथं कडेलगत आणखी एक रेघ घातली. ती रेघ जितकी जवळ तितकी कड तीक्ष्ण राहते. कोणती कड किती तीक्ष्ण ठेवायची ते आकड्यानं सांगण्याची सोयही आहे. 'गेरीज गेम'च्या वेळी पिक्सारच्या लोकांनीच ती या रीतीत आणली.

इथं काम अडलं. 'व'चं पोट जिथं दांडीला येऊन मिळतं, त्याच्या अलीकडे वडिलांच्या अक्षरात एक बारीकसा कोपरा होता. मुलगी म्हणाली, "अब्बा, हा ठेवायचा की काढायचा? फोटोवरून बिंदू बसवताना माझ्याकडूनही असे कोपरे पडलेत. हा माझा की दादांचा?" आमच्याकडे आजोबांना दादा म्हणतात. मी जुनी पाटी मागवून घेतली. रंगाचे पापुद्रे सुटले होते, पण 'व'मध्ये तो कोपरा होता आणि 'च'च्या वळणातही त्याच जागी होता. म्हणजे तो चुकून आलेला नव्हता. वळण घेताना वडील तिथं ब्रश उचलून, मनगट फिरवून पुन्हा टेकवत. ती त्यांच्या हाताची सवय होती. मुलीनं त्या दोन जागी आकडा घातला आणि कोपरे राखले. बाकी बिंदूंमुळे पडलेले सगळे कंगोरे तिनं मिटवले.

यंत्राला सरासरी फार छान काढता येते. कोणता कोपरा अपघाताचा आणि कोणता हाताचा, हे मात्र त्याला सांगावं लागतं. मला हे पटलं, कारण माझ्या ओळींवरूनही असा रंधा फिरला आहे. फार वर्षांपूर्वी एका संपादकांनी माझ्या कवितेतल्या 'अम्मी'ची 'आई' केली होती आणि प्रेमानं कळवलं होतं की, आता ओळ सुरळीत वाचता येते. ओळ सुरळीत झाली होती, यात शंका नाही. पण त्या ओळीत चुलीपुढे बसलेली बाई माझ्या घरातली राहिली नव्हती. 'आई' हा शब्द मला परका नाही, तोही माझ्याच भाषेचा आहे. फक्त त्या जागी एक कड होती आणि ती मी ठेवलेली होती. भाषेत खडे असतात ते वेचावेत, शब्दांची उगीच अडखळण असेल तर ती घासून काढावी. मी स्वतः एकेक कविता दहा-दहा वेळा घासतो. मात्र घासण्याआधी तो कोपरा कुणाचा आहे, एवढं विचारलेलं बरं.

वाचनालयाची नवी पाटी आता लागली आहे. अक्षरं उठावाची आहेत, त्यामुळे 'शेड' रंगवावी लागली नाही. ती आता ऊनच देतं, सकाळी एका बाजूला आणि संध्याकाळी दुसऱ्या. येणारे-जाणारे वर पाहतात आणि आत जातात. 'व'मधला आणि 'च'मधला तो बारीक कोपरा कुणाच्या ध्यानात येत असेल असं मला वाटत नाही. येण्याची गरजही नाही. तो तिथं आहे, एवढं पुरे.